दोनशे ग्रॅम माती आणि सोनारकाटा

प्रश्न : काका, सा. न. वि. वि. मी इचलकरंजीचा, चार लूम चालवतो. मुलगी चौदा वर्षांची आहे, दीड वर्षापासून १० मीटर एअर रायफल खेळते. तिच्यासाठी वापरलेली मॅच रायफल (स्पर्धेची रायफल) घेतली. गेले दोन महिने तिचा स्कोअर अडलाय. रेंजवरचे एक गृहस्थ म्हणाले, "रायफलीचा वेग तपासा, क्रोनोग्राफ म्हणजे छर्ऱ्याचा वेग मोजायचं यंत्र घ्या." त्यांनी दाखवलेलं रडारचं यंत्र पन्नास हजारांच्या पुढे जातंय. माझ्याकडे फार तर दहा हजार आहेत. स्वस्तात चांगला क्रोनो कोणता? की तोही नको?

उत्तर : तुमचं शेवटचं वाक्य मला सगळ्यात आवडलं. दुकानदाराला तो प्रश्न कुणी विचारत नाही.

आधी क्रोनो तुम्हाला नक्की काय सांगणार ते बघू. मॅच रायफलीचा ४.५ मिलिमीटरचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो आणि नळीतून सेकंदाला १७० मीटरच्या आसपास वेगानं सुटतो. १० मीटर जायला त्याला सेकंदाचा सतरावा भाग लागतो आणि तेवढ्यात तो जवळपास १७ मिलिमीटर खाली पडतो. ही पडझड दर गोळीला सारखीच असेल तर काहीच बिघडत नाही, साइट (नेम धरायचं साधन) तेवढी वर लावलेलीच असते. वेग सेकंदाला एक मीटरनं बदलला तर छर्रा ०.२ मिलिमीटर वर किंवा खाली लागतो. आपल्या टार्गेटवर ०.१ गुण म्हणजे ०.२५ मिलिमीटर. म्हणजे एका मीटरचा फरक पडला तर तुमच्या लेकीचा १०.४ चा १०.३ सुद्धा होईलच असं नाही. पाच मीटरचा फरक पडला तर मात्र पूर्ण एक मिलिमीटर, म्हणजे ०.४ गुण गेले.

याचा अर्थ असा, की वेग १६९ आहे की १७२ हे कळण्यासाठी पैसे घालवू नका. तो रोज, दर गोळीला तोच आहे का, एवढंच आपल्याला हवंय. लूमवर तुम्ही मिनिटाला किती पिक (आडवे धागे) पडतात ते बघता, पण कापडाला पट्टा पडतो तो गती मध्येच बदलल्यामुळे. इथंही तेच आहे. सगळे आकडे दोन मीटरनं जास्त दाखवणारा पण रोज तितकेच जास्त दाखवणारा क्रोनो मला चालतो. कधी खरं, कधी खोटं बोलणारा फुकट दिला तरी नको.

आता एक गोष्ट सांगतो, कारण तुमच्या पत्रात मला तीच दिसते. मी कोल्हापूरचा. कॉलेजच्या भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत ३१ वर्षं मदतनीस होतो आणि संध्याकाळी रेंजवर पोरांच्या रायफली उघडून बसायचो. दोन वर्षांपूर्वी एका मुलीची तक्रार आली. सलग मारत राहिली तर सगळे छर्रे एका जागी. थोडी थांबली, पाणी प्यायली, पुन्हा उभी राहिली की पहिला छर्रा वर. १०.४ च्या जागी ९.९. सगळ्यांनी तिलाच धरलं. श्वास चुकतोय, थांबलं की डोक्यात विचार येतात, ध्यान कर, मोबाइल कमी कर. पोरगी रडकुंडीला आली. मला पटेना, कारण ती चुकत होती ती दर वेळी वरच. घाबरलेलं माणूस चारी दिशांना चुकतं.

क्रोनो आमच्याकडे नव्हता. म्हणजे एक होता, पण तो मीच फोडला होता. त्याबद्दल पुढे. मग प्रयोगशाळेतली जुनी विद्या काढली. ऑइल क्ले, म्हणजे मुलांची खेळायची चिकणमाती, एका छोट्या डबीत ठासली, डबीसकट २०० ग्रॅम भरेल एवढी, आणि एक मीटर लांब दोऱ्यांवर टांगली. दोरे चार घ्या, दोन पुढे, दोन मागे, म्हणजे डबी फिरत नाही, पाळण्यासारखी सरळ झुलते. तिच्या मागं एक फूटपट्टी आडवी ठेवली आणि डबीनं ढकलत नेलेली काडेपेटीची काडी कुठं थांबते ते बघायचं ठरवलं. छर्रा मातीत रुतला की डबी मागं जाते. किती मागं गेली त्यावरून वेग निघतो. बेंजामिन रॉबिन्स नावाच्या इंग्रज गणितज्ञानं १७४२ मध्ये बंदुकीच्या गोळ्यांसाठी हीच युक्ती छापली होती. तेव्हा वेग मोजायचं दुसरं धड साधनच नव्हतं.

हिशेब सोपा आहे. डबी मातीसकट २०० ग्रॅम, छर्रा ०.५३ ग्रॅम, दोरा १ मीटर असेल तर काडी जितकी सेंटिमीटर सरकली त्याला ११.८५ नं गुणा, मीटरमध्ये वेग आला. १४.३ सेंटिमीटर आलं तर १६९.५. म्हणजे एक मिलिमीटर सरकण्यातला फरक सव्वा मीटरच्याही आत. छर्रा एकेक तोलू नका. ओळखीच्या सोनाराकडे वीस छर्रे एकदम काट्यावर ठेवा, १०.६ ग्रॅम भरायला हवेत. डबीसुद्धा त्याच काट्यावर तोला आणि चार-पाच गोळ्या झाल्या की पुन्हा तोला, कारण शिसं आत साठत जातं. गणपतीतला उरलेला शाडू वापरायचा मोह होईल, तो टाळा. वाळत जातो आणि वजन बदलतं.

नळी डबीपासून दोन मीटर लांब ठेवा, नाहीतर छर्ऱ्यामागून येणारी हवासुद्धा डबीला ढकलते आणि आकडा उगाच फुगतो. मागे वाळूनं भरलेली पेटी हवी, डोळ्यांवर चष्मा हवा, आणि हे सगळं रेंजवर, प्रशिक्षकांसमोर करायचं. घराच्या गच्चीवर नाही. दहा मारून सरासरी काढा, पण तिथं थांबू नका. बहुतेक जण तिथंच थांबतात. रायफल भरून पाच मिनिटं तशीच ठेवा आणि मग एकच मारा. असं पाच-सहा वेळा करा.

त्या मुलीच्या रायफलीवर सलग मारताना काडी १४.३ ते १४.४ मध्ये राहिली. पाच मिनिटं थांबून मारलेली गोळी १४.८. पुन्हा थांबलो, पुन्हा १४.८. सेकंदाला पाच-सहा मीटरचा फरक, म्हणजे टार्गेटवर एक मिलिमीटरहून जास्त, आणि दर वेळी वरच. रायफलीच्या आत सिलिंडरमधला मोठा दाब खाली आणून सारखा ठेवणारा रेग्युलेटर असतो. त्यातली हवा अडवणारी सीट झिजली होती. थांबलं की हवा थेंबाथेंबानं पुढच्या बाजूला सरकायची, दाब चढायचा. आम्ही त्याला 'रेग्युलेटर चढतो' म्हणतो. सीट बदलली, काम झालं. ध्यान मात्र ती अजून करते, चांगलं वाटतं म्हणते.

म्हणून तुम्हाला माझा सल्ला, आधी माती. तुमची रायफल वापरलेली आहे, त्यामुळे रेग्युलेटरचा संशय आहेच. त्याच वेळी सिलिंडरवर कोरलेली तारीखही बघा. बहुतेक कंपन्या मॅच रायफलीच्या सिलिंडरला दहा वर्षांची मुदत देतात आणि मुदतीतलं सिलिंडर वापरणं ही खेळाडूची जबाबदारी धरली जाते. जुनी रायफल घेताना लोक लाकडाची पॉलिश बघतात, तारीख बघत नाहीत.

मातीनं काही सापडलं नाही, आणि तरीही क्रोनो घ्यावासा वाटला, तर ऐका.

रडारचं यंत्र उत्तम असतं. गार्मिनचा झीरो सी१ प्रो २०२३ च्या अखेरीस आला तेव्हा किंमत ६०० डॉलर होती. रायफलीशेजारी ठेवायचा, उजेड लागत नाही, छर्रा त्याच्यावरून जात नाही म्हणून फुटायची भीती नाही. पण तो मोठ्या रायफली दूरवर मारणाऱ्यांच्या कामाचा. शिवाय रेडिओ लहरी सोडणारं यंत्र बाहेरून मागवायचं तर दूरसंचार खात्याच्या डब्ल्यूपीसी शाखेची मान्यता आणि कस्टम हे दोन्ही मागे लागतात. भाचा अमेरिकेतून बॅगेत घेऊन येईल असं समजू नका. तुमच्या रेंजवर वीस पालक मिळून घेणार असाल तर वेगळं.

दुसरा प्रकार नळीच्या तोंडाला अडकवायचा. यातले चिनी बनावटीचे सगळ्यात स्वस्त, तुमच्या पैशांत आरामात बसतील. मी तुम्हाला ते घेऊ देणार नाही. मॅच रायफलीच्या नळीच्या टोकाला पुढची साइट असते, तिथं हे बसवायला धड जागा नसते. जरा तिरकं बसलं तर छर्रा आतून घासून जातो. वर या यंत्रात दोन सेन्सरमधलं अंतर फारच थोडं असतं. समजा ६ सेंटिमीटर आहे. छर्रा ते ३५० मायक्रोसेकंदांत ओलांडतो. यंत्र पाच मायक्रोसेकंद चुकलं की वेगात अडीच मीटरची चूक. त्याच चुकीला ३० सेंटिमीटरचं अंतर असेल तर अर्धा मीटर.

म्हणून उरतो तिसरा, जुना, साधा प्रकार : खाली दोन सेन्सर, वर दोन पांढरे पडदे, मधून छर्रा. कॉल्डवेल, प्रोक्रोनो ही नावं ऐकाल. परदेशात शंभर-दीडशे डॉलरला मिळतात, इकडे येईपर्यंत वाढतात. वापरलेला मिळाला तर दहा हजारांत बसेल. हा छर्ऱ्याची सावली ओळखतो, त्यामुळे सगळा खेळ उजेडाचा. आषाढातलं पांढरं ढगाळ आभाळ याच्यासाठी सोनं. भर दुपारी पडदे लावूनच. संध्याकाळचं तिरकं ऊन छर्ऱ्याच्या पोटावर चमकतं आणि यंत्र गोंधळतं. ट्यूबलाइटखाली तर नकोच. जुन्या ट्यूबा सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात, आपल्याला दिसत नाही पण त्याला दिसतं. तुमची रेंज आतली असेल तर इन्फ्रारेड एलईडीची जोडपट्टी मिळते का ते आधी विचारा, मगच यंत्राची किंमत करा.

वापरलेला घेताना स्वतःची रायफल घेऊन जा. नवी बॅटरी घाला. दहा छर्रे सेन्सरच्या जरा जवळून मारा, दहा जरा वरून. दोन्ही सरासऱ्या वेगळ्या आल्या तर सेन्सर एकमेकांना समांतर नाहीत. घडीचं यंत्र असेल आणि बिजागरी एक मिलिमीटर जरी उघडी राहत असेल तरी अर्ध्या मीटरची चूक कायमची घरी आली. आणि छर्रा सेन्सरच्या रेषेत सरळ जातोय ना ते मागून वाकून बघा.

आता मी फोडलेल्याबद्दल. रायफलीत डोळ्यासमोरची साइट नळीपेक्षा वर असते. जवळून मारताना साइटमधून मोकळी जागा दिसते, पण नळी त्याहून पाच-सहा सेंटिमीटर खाली असते. मी साइटवर भरवसा ठेवला. छर्रा दोन सेन्सरच्या मधोमध, बरोबर आकडे दिसतात त्या काचेतून गेला. यंत्र उसनं होतं. मालकानं एक शब्द काढला नाही, त्याचंच जास्त लागलं. तेव्हापासून मी आधी रिकाम्या नळीतून मागून प्रकाश बघतो, आणि यंत्रापुढे ते झाकेल एवढ्याच उंचीची लाकडाची फळी उभी करतो, छर्रा तिच्या वरून जातो.

---

प्रश्न : मी नागपूरला इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. मोबाइलवर आवाजावरून वेग काढता येतो म्हणतात, खरं आहे का? आणि आर्डुइनोच्या छोट्या प्रोग्रामिंग बोर्डावर क्रोनो करता येईल का?

उत्तर : दोन्ही येतं. आवाजाचं आधी. रेंजवर फोन नळीशेजारी ठेवून रेकॉर्डिंग करा आणि ऑडॅसिटी या फुकट सॉफ्टवेअरमध्ये उघडा. सुटल्याचा एक टोचा दिसेल, टार्गेटमागच्या पत्र्यावर आपटल्याचा दुसरा. नळी फायरिंग लाइनच्या पुढे येते म्हणून खरं अंतर ९ मीटरच्या आसपास भरतं. टेपनं मोजा, १० लिहून मोकळे होऊ नका. दोन टोच्यांमध्ये समजा ८० मिलिसेकंद आले. आपटल्याचा आवाज तुमच्यापर्यंत यायला आपल्याकडच्या उन्हात साधारण २६ लागतात. ते वजा केले की ५४, म्हणजे सरासरी वेग सेकंदाला १६७ मीटर. हा वाटेतला सरासरी वेग आहे, नळीच्या तोंडाचा नाही, तो थोडा जास्त असतो. टोचा कुठं सुरू होतो ते ठरवताना एक मिलिसेकंद चुकलात तर तीन मीटर गेले, आणि बंद खोलीत प्रतिध्वनी मध्ये लुडबुडतो. ढोबळ कामाला ठीक आहे. रेग्युलेटर पकडायला मातीच बरी.

आर्डुइनो उनोचं micros हे फंक्शन चार मायक्रोसेकंदांच्या टप्प्यानं मोजतं. ३० सेंटिमीटर अंतर ठेवलंत तर १७० च्या वेगाला सुमारे १७६५ मायक्रोसेकंद लागतात, त्यात चार म्हणजे पाव टक्काही नाही. उजेड ओळखणारा सेन्सर मात्र वेगवान फोटोडायोडच घ्या. दुकानदार स्वस्तातला एलडीआर (उजेडाचाच, पण मंद सेन्सर) हातात देईल, तो छर्रा गेल्यावर जागा होतो. इंटरप्टवर वेळ टिपा, लूपमध्ये वाट बघत बसू नका. झाल्यावर मातीच्या डबीशी ताडून बघा, आणि जमलं तर मला आकडे पाठवा.

---

प्रश्न : माझ्या स्प्रिंगच्या एअरगनच्या खोक्यावर '९०० फूट' लिहिलंय. मित्राच्या क्रोनोवर ६९० आले. फसवलं का मला? (चाकण)

उत्तर : खोक्यावरचा आकडा बहुधा हलक्या मिश्रधातूच्या छर्ऱ्यावर काढलेला असतो, तुम्ही मारलात शिशाचा. हलका चेंडू लांब गेला म्हणून हात बळकट झाला असं नाही. तुमचे ६९० फूट म्हणजे सेकंदाला २१० मीटर. ०.५३ ग्रॅमच्या छर्ऱ्यावर ऊर्जा ११.७ जूल होते, स्प्रिंगच्या गनला हे बरंच आहे. आणि एक गंमत बघा : तोच शिशाचा छर्रा खरोखर ९०० फुटांनी गेला असता तर ऊर्जा १९.९ जूल झाली असती. २०१६ च्या शस्त्र नियमांत एअरगनची ऊर्जा २० जूलच्या किंवा नळी ४.५ मिलिमीटरच्या वर गेली की परवाना लागतो. तेव्हा 'जास्त कडक स्प्रिंग टाकून देतो' म्हणणाऱ्या मेकॅनिकला नको म्हणा. तेल जास्त घातलं असेल तर पहिल्या काही गोळ्या धूर काढत फाजील वेगानं जातात, ते आकडे सोडून द्या.

---

प्रश्न : मी पुण्यात ५० मीटर .२२ रायफल खेळतो. १० मीटरला वेगाचा फार फरक पडत नाही असं तुम्ही मागे म्हणालात. मग आम्हालाही क्रोनो नको का?

उत्तर : तुमचं गणित वेगळं. .२२ ची मॅच गोळी सेकंदाला ३२० मीटरच्या आसपास जाते. दहा मीटरचा फरक पडला तर ५० मीटरवर गोळी साडेसात मिलिमीटर सरकते, आणि तुमच्या टार्गेटचं एक वर्तुळ आठ मिलिमीटरचं. म्हणजे जवळजवळ अख्खा एक गुण गेला. आपल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं २०२४ ला पॅरिसमध्ये ज्या प्रकारात ब्राँझ घेतलं, त्यात पदकं गुणाच्या अपूर्णांकावर फिरतात.

पण क्रोनो घ्यायच्या आधी खोकं वाचा. एली टेनेक्स या मॅच गोळ्यांच्या खोक्यावर लॉट (एकाच वेळी बनलेली खेप) नंबरासोबत त्या लॉटचा वेग फूट-सेकंदात छापलेला असतो. १०५५ म्हणजे ३२१-३२२ मीटर. मात्र त्या सरासरीभोवती गोळ्या किती पसरतात ते खोक्यावर नसतं, आणि तुमच्या नळीला तो लॉट मानवतो का हेही नसतं. म्हणून मोठे खेळाडू रायफल शिकंज्यात धरून लॉट निवडतात, आणि बघतात ते कागदावरची भोकं. क्रोनो लावलातच तर दहा गोळ्यांवर निकाल देऊ नका. प्रमाण विचलन म्हणजे वेग सरासरीभोवती किती पसरतात त्याचं माप; खरं माप दहा गोळ्यांवरून काढलेल्यापेक्षा तिसऱ्या हिश्श्यानं कमी किंवा पाऊणपटीहून जास्तसुद्धा असू शकतं. तीस-चाळीस तरी मारा. गोळ्या महाग आहेत हे मला माहीत आहे, म्हणूनच म्हणतो, दोघं-तिघं एकाच लॉटचे असाल तर एकाच सकाळी बसा आणि वही एकच ठेवा.